आतल्या पानावरची ओळ

बाटलीला लेबल लावणं म्हणजे काय मोठंसं काम, असं कुणी म्हटलं की रामहरीचा पारा चढायचा. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका छापखान्यात तो सव्वीस वर्षं लेबलं आखत होता आणि या एका वाक्यावरनं त्यानं सासऱ्यापासून बँकेतल्या कारकुनापर्यंत सगळ्यांशी हुज्जत घातली होती. "भिंतीवर पोस्टर कुणीबी लावंल हो," तो म्हणायचा, "गोल बाटलीवर सहा पानांची घडी बसवून दाखवा. आणि ती चार महिने उन्हात राहू द्या. मग या माझ्याकडं."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. शेतीच्या औषधाची बाटली असते तळहाताएवढी आणि तिच्याबद्दल सांगायचं असतं वहीभर. किती घालायचं, कशात मिसळायचं, अंगावर सांडलं तर काय करायचं. मग तो सगळा मजकूर बारीक घड्यांच्या कागदावर छापतात आणि ती घडी लेबलाच्या पोटात बसवतात. एका कोपऱ्याला धरायला जागा ठेवलेली असते, तिला छापखान्यात 'कान' म्हणतात. कान ओढला की घडी उघडते, वाचून दाबली की परत चिकटते. हवी तर ती सगळीच्या सगळी सुटून हातातही येते. ऐकायला सोपं आहे. पण घडी घातलेला कागद हट्टी असतो. त्याला सरळ व्हायचं असतं आणि बाटली असते गोल. आठ दिवसांत कड उचलते, तिच्यात धूळ बसते, आणि दुकानदार माल परत पाठवतो.

रामहरीनं या कडेपायी घरदार वेठीला धरलं होतं. कागद आडवा कापून बघ, उभा कापून बघ, डिंक बदल, पानं कमी कर. मे महिन्यात घराच्या गच्चीवर बाटल्यांची रांग उन्हात उभी असायची आणि शेजारी त्याच्या बायकोचे, विजयमालाचे, पापड. "पापडावर कावळे आले तर बघणार न्हाईत, बाटल्यांवर मात्र डोळा," ती कुरकुरायची. तो तिकडं लक्ष न देता प्रत्येक बाटलीच्या कडेवरनं अंगठा फिरवत जायचा.

दुसरा त्याचा हट्ट दारूचा. वडील पिऊन पिऊन गेले, तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. तेव्हापासून तो शब्दसुद्धा त्याच्या तोंडात येत नसे. 'ते', 'तसलं', 'तो घेतो', एवढ्यावर भागवायचा. लग्नात कुणाच्या तोंडाला वास आला तर जेवण टाकून घरी यायचा. लोक त्याला सोवळा म्हणत, आणि त्याला ते आवडायचंही.

आणि नेमका त्याचा धाकटा भाऊ अजिनाथ पिणारा निघाला.

अजिनाथ गावी, वळसंगलाच राहिला होता. द्राक्षबागेत छाटणी करणाऱ्या टोळीत त्याचा हात सगळ्यांत साफ. माणूस लाख मोलाचा, पण संध्याकाळ झाली की पाय वळायचे. रामहरीनं शिव्या दिल्या, रुक्मिणीनं म्हणजे अजिनाथच्या बायकोनं उपास केले, कशाचा उपयोग झाला नाही. शेवटी रामहरीची मुलगी ऋतुजा बारावी झाली तेव्हा पेढे घेऊन वळसंगला गेली, आणि काकाचा हात आपल्या डोक्यावर ठेवून म्हणाली, "घ्या आण." त्यानं लहानपणी तिला खांद्यावर घेऊन अख्खी जत्रा दाखवली होती. तिच्या डोक्यावरचा हात त्यानं चटकन काढून घेतला, पण आण घेतली. आणि पाळली. एक वर्ष, दोन वर्षं, तीन वर्षं. गावात पैजा लागल्या होत्या, सगळे हरले.

त्याच दिवसांत छापखान्याकडं एका बाहेरगावच्या कंपनीचं काम आलं. द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी झाली की काडीवरचे कोंबांचे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून एक औषध लावतात. त्यात लाल रंग कालवतात, म्हणजे कुठला डोळा झाला नि कुठला राहिला ते कळतं. फडक्यानं, हातानं, डोळ्याडोळ्याला लावत जायचं. त्याचं लेबल रामहरीनं करायचं होतं. कंपनीनं मजकूर पाठवला होता आणि पुढच्या भागावर काय घ्यायचं त्यावर खुणा केल्या होत्या. वर मालकांच्या कुलदेवीचं छोटंसं चित्र, खाली औषधाचं नाव, आणि त्याखाली लाल अक्षरांत एक ओळ. औषध वापरण्याआधी एक दिवस आणि नंतर सात दिवस दारू पिऊ नये.

रामहरी त्या ओळीकडं बराच वेळ बघत बसला. देवीच्या पायाशी हा शब्द? त्याला ते बघवेना. कुणाला एका शब्दानं विचारलं नाही, त्यानं ती ओळ उचलली आणि आतल्या घडीत पाचव्या पानावर, हातमोज्यांच्या सूचनेखाली, बाकीच्या बारीक मजकुरात नेऊन बसवली. कंपनीच्या माणसानं फोनवर विचारलं तेव्हा म्हणाला, "देवीच्या पायाशी बरं दिसत नव्हतं साहेब. आत आहे की, गेलं कुठं?" साहेबही देवभोळे असावेत. "हे आमच्या लक्षातच आलं नाही," म्हणाले, आणि मंजुरी देऊन टाकली.

लेबल असं जमलं म्हणता! दोन हंगाम गेले, एका बाटलीची कड उचलली नाही. छापखान्याच्या मालकानं रामहरीला शाल दिली. अजिनाथनं तर कहर केला. बागवाल्यांना तो सांगत सुटला, "हेच औषध घ्या, माझ्या भावानं लेबल केलंय." टोळीतल्या बायकांना बाटली हातात देऊन म्हणायचा, "अंगठा फिरवून बघा, कुटं लागतंय का." आत पानं आहेत, ती उघडतात, हे त्याला ठाऊकच नव्हतं. रामहरीनं त्याला कड दाखवली होती, कान दाखवला नव्हता.

चार वर्षांपूर्वी नोव्हेंबरात ऋतुजाचा साखरपुडा ठरला. पाहुणे जेऊरचे, माणसं तोलूनमापून बोलणारी. हॉल जुळे सोलापुरात घेतला होता. अजिनाथ सकाळच्या एसटीनं आला, पांढरा शर्ट, कडक इस्त्री. बोटं मात्र गुलाबी. "दोन दिस झाले काम उरकून, तरी रंग जाईना," म्हणून तो हसला होता. रुक्मिणी दोन दिवस आधीच आली होती, ती आत बायकांत होती.

अकराच्या सुमाराला रामहरी पाहुण्यांना पाणी विचारत होता, तेवढ्यात कुणीतरी त्याचा खांदा दाबला. वळून बघतो तर अजिनाथ भिंतीला धरून उभा. तोंड लालबुंद, डोळे तांबारलेले, घामानं शर्ट चिंब. एक पाऊल टाकलं तर तोल गेला आणि हात लागून साखरेचं ताट खाली आलं. सगळ्या हॉलनं मान वळवली. जेऊरच्या पाहुण्यांनीही.

रामहरीनं त्याला दंडाला धरून फाटकापर्यंत अक्षरशः ओढत नेलं. तोंडाला वास होता. पिशवीत हात घातला तर एक छोटी बाटली लागली, निम्मी रिकामी. उघडून हुंगली, तोच वास.

"हे काय?"

"द्राक्षासव हाय दादा, वैद्यानं दिलेलं. पोट लई जड झालतं, म्हणून अर्धा कप घेतलं."

"लेबल कुठंय याला?"

"मोठ्या बाटलीतनं वतून आणलंय."

"मला शिकवतोस? बिनलेबलाची बाटली?"

"दादा, मी न्हाय पिलो."

"गप."

"न्हाय पिलो दादा. छातीत लई धडधडतंय. ऋतूच्या डोक्याची आण, न्हाय पिलो."

झालं, ही आण ऐकली आणि रामहरीचं डोकंच फिरलं. "जिच्या डोक्याची आण मोडून आलास, परत तिचीच घेतोस? चालता हो. लग्नाला तोंड दाखवू नकोस." आणि बाटली त्यानं फाटकाबाहेरच्या दगडावर आपटली.

आतमध्ये साखरपुडा पार पडला. पाहुणे काही बोलले नाहीत, ही त्यांची मोठी माणुसकी. मधे एकदा रामहरीनं खिडकीतनं बघितलं. अजिनाथ रस्त्याच्या कडेला बसला होता, दोन्ही हातांनी छाती धरून. नाटकं, असं मनाशी म्हणून रामहरीनं पडदा ओढला. तो पडदा ओढलेला हात पुढं त्याला कितीदा आठवला, त्याचा हिशेब राहिला नाही.

लग्नाला अजिनाथ आला नाही. ऋतुजानं दोनदा विचारलं, मग विचारायचं सोडलं. रुक्मिणीलाही रामहरीनंच सांगितलं होतं, तुझा नवरा परत सुरू झालाय म्हणून. ती साखरपुड्यातनंच मैंदर्गीला माहेरी गेली आणि सहा महिने आली नाही. आणि रिकाम्या घरात बसून अजिनाथनं महिन्याभरात खरोखरच सुरुवात केली. तुमचा भाऊ स्टँडवर पडलेला होता, असं गावाकडचं कुणी सांगितलं की रामहरी म्हणायचा, "बघा, मी म्हणत नव्हतो?" त्या म्हणण्यात त्याला तेव्हा समाधान वाटायचं, हे सांगायला लाज वाटते, पण वाटायचं.

यंदा पितृपक्ष संपता संपता कंपनीतनं फोन आला. देवयानी नावाची नवीन अधिकारी, बोलायला चुरचुरीत. "त्या द्राक्षाच्या औषधाचं लेबल बदलायचंय काका. पाचव्या पानावरची दारूची ओळ पुढं घ्या, देवीचं चित्र मागं जाऊ द्या."

"का हो? इतकी वर्षं चाललं की."

"चाललं कुठं? बागांमधनं तक्रारी येतायत. लोक नुसता पुढचा भाग बघतात. आणि नीट सविस्तर घ्या, मी वाचते, लिहून घ्या. दारू, ताडी, तसंच मद्यांश असलेलं आसव किंवा अरिष्ट औषध लावल्यावर सात दिवस घेऊ नये. थोडी घेतली तरी चेहरा लाल होतो, घाम सुटतो, छाती धडधडते, तोल जातो. माणूस प्यालेला वाटतो, पण ती औषधाची बाधा असते. ताबडतोब डॉक्टरकडं न्यावं. घेतलं का?"

रामहरीनं 'आसव'पर्यंतच लिहिलं होतं. पेन तिथंच थांबलं होतं.

"काका, आहात ना?"

"आहे," तो म्हणाला. "एकदा परत वाचा."

तिनं परत वाचलं. रामहरीला गुलाबी बोटं दिसत होती. दोन दिस झाले काम उरकून. सातातले दोनच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो वळसंगला गेला, खिशात त्या द्राक्षाच्या औषधाची बाटली. सकाळी गेला, कारण अजिनाथ सकाळीच शुद्धीवर असतो असं ऐकलं होतं. रुक्मिणी कामावर गेली होती. अजिनाथ ओट्यावर बसला होता. गाल आत गेलेले, पाय सुजलेले, हातात चहाची कपबशी थरथरत होती. सत्तेचाळिसाव्या वर्षी तो वडलांसारखा दिसत होता. भावाला बघून त्यानं उठायचा प्रयत्न केला.

"बस, बस," रामहरी म्हणाला, आणि स्वतः खाली पायरीवर बसला. बाटली काढली. कान धरून ओढला. घडी उलगडत गेली तसे अजिनाथचे डोळे मोठे झाले.

"आयला, हे उघडतंय व्हय?"

रामहरीनं पाचवं पान काढलं आणि वाचलं. मग फोनवर लिहून घेतलेलं वाचलं. ही ओळ पुढं होती, मीच आत ढकलली, का ढकलली, तेही सांगितलं. "तू प्यालेला नव्हतास. चूक माझी हाय अज्या. माझीच."

अजिनाथनं बाटली हातात घेतली. घडी त्यानं पानापानानं मिटवली, कड बसवली आणि थरथरत्या अंगठ्यानं दाबली. ती घट्ट बसली. त्यानं अंगठा एकदा सगळीकडनं फिरवून बघितला.

"लई भारी केलंयस," तो म्हणाला. "कुटंच लागत न्हाय."

"अज्या, डॉक्टरकडं जाऊ. सोलापूरला चल, माझ्याकडं ऱ्हा. रुक्मिणीला मी सांगतो. ऋतूला सांगतो."

"सांग की. त्यांना कागद दाव." त्यानं बाटली भावाच्या हातात परत दिली. त्याच्या आवाजात राग नव्हता, असता तर रामहरीला बरं वाटलं असतं. "दादा, त्या दिशी मी तुला तीनदा सांगितलं, न्हाय पिलो म्हणून. तुज्या पोरीची आण घेऊन सांगितलं. तवा पटलं न्हाय. आज छापलेलं हाय म्हणून पटलं व्हय?"

रामहरीला या प्रश्नाचं उत्तर ठाऊक होतं.