कुंडीतलं चिबड रान

भर दुपारी रबराच्या झाडाचं पान फरशीवर पडलं आणि मालकांनी जेवणाचं ताट पुढं ढकललं.

"उचल ते. गोळ्या पण नकोत. ह्या हाताला आता काय लागू पडत न्हाय, माझं काय बघत बसू नकोस."

मालक म्हणजे माझा नवरा. अर्धांगाचा झटका येऊन त्यांचा डावा हात लुळा पडला होता. डॉक्टर म्हणाले होते, हात हलता ठेवला नाही तर कायमचा जाईल, आणि गोळ्या सोडल्या तर पुन्हा झटका येईल. बावडा गावातलं घर आणि डाळिंबाची बाग मुलावर सोपवून आम्ही लेकीच्या बारामतीतल्या फ्लॅटवर राहायला आलो होतो, दवाखाना जवळ म्हणून. व्यायाम शिकवायला बाई यायची, तिच्याकडं हे पाठ करून बसायचे. घरात एकच काम त्यांनी आपण होऊन धरलं होतं. हॉलमधल्या रबराच्या झाडाला पाणी घालायचं. आता ते झाड मरत होतं आणि मालक त्याच्यामागं निघाले होते. मला रडू आलं नाही. राग आला.

त्या घरातल्या दुपारी मला अजून अर्ध्या झोपेतल्यासारख्या आठवतात. बाहेर ऊन पांढरंफेक, आत पडदे ओढलेले, आणि पानांतून गाळून आल्यासारखा हिरवट उजेड. मालक खुर्चीत, मी खाली चटईवर. डोळा लागला की फरशी हलायला लागायची. वाटायचं, भिगवणकडचं धरणाचं पाणी सरकत सरकत इथवर आलंय, टीव्ही, खुर्ची, आम्ही दोघं अलगद त्यावर चाललोय, आणि लांब कुठं तरी पांढरे पक्षी एका पायावर उभे आहेत. कुणाला कुठं जायची घाई नाही. मग टप्प आवाज व्हायचा. रबराचं पान जाड असतं, ते चप्पल टाकल्यासारखं पडतं.

"पडलं गं आजून एक."

"ऐकलं मी."

पहिली पानं पडली तेव्हा मात्र ते खुशीत होते. हे डाळिंब करणाऱ्यालाच कळेल. बहार धरायचा तर आम्ही बागेचं पाणी मुद्दाम तोडतो. झाडाला ताण बसतो, पानं पिवळी होऊन गळतात, उघडी झाडं बघून परक्या माणसाला वाटावं बाग गेली. मग खत घालायचं आणि पहिलं पाणी सोडायचं. त्याला आंबवणी म्हणतात. थोड्या दिवसांत फांदीफांदीला लाल कळी. सगळा जन्म मालकांनी पानगळ बघून आनंदच मानला होता.

"पानं टाकतंय म्हंजी आता फुटणार," ते म्हणाले, आणि त्यांनी कुंडीला आंबवणी दिली.

त्यात नळाला पाणी यायची वेळ ठरलेली. कालव्याच्या पाळीवर जगलेल्या माणसाला पाणी आलेलं बसून बघवत नाही. पुढची पाळी कधी येईल त्याचा भरवसा नसतो, म्हणून आली की रान भरून घ्यायचं. नळ वाजला की हे उठायचे, उजव्या हातानं तांब्या भरायचे, आणि भिंतीला धरून धरून झाडाकडं जायचे.

लेकीनं त्यांना सांगितलं होतं. "आबा, पाणी जास्त होतंय. खालची पानं पिवळी पडून गळाली म्हणजे मुळं कुजली, असं दिलंय मोबाईलवर."

"तुझ्या मोबाईलनं कवा डाळिंब काढलंय का?"

"हे डाळिंब नाही, आबा."

"झाड हाय न्हवं?"

तिनं हात जोडले आणि कामावर गेली. ती खरं बोलत होती, पण तिचं बोलणं त्यांच्या ओळखीचं नव्हतं.

तर त्या दुपारी मी ताट उचललं, ओट्यावर झाकून ठेवलं आणि झाडाजवळ जाऊन बसले. खाली नुसते दांडे, तीन शेंड्यांना दोन दोन पानं. मातीत बोट घातलं. वर कोरडी वाटणारी माती आत चिखल होती. बोट नाकाशी नेलं आणि मला आमचा पाटाखालचा तुकडा आठवला.

तो तुकडा कालव्याच्या पाण्यानं गेला. ऊस पिवळा पडायचा, पिवळा पडतो म्हणून आम्ही आणखी पाणी द्यायचो. शेवटी पाणी मुरेना, वर पांढरं मीठ फुटलं. असल्या रानाला चिबड म्हणतात. पाय टाकला की नासक्या ओलीचा वास येतो. तोच वास लेकीच्या हॉलमध्ये, माझ्या बोटाला.

बाहेरची चिनी मातीची कुंडी नुसती दिखाऊ होती. आतली प्लास्टिकची कुंडी मी ओढून वर काढली. खाली वीतभर काळं पाणी साचलेलं.

"अवं, हिकडं या."

"कशाला?"

"रान चिबड झालंय."

मालक उठले. मोबाईलला, डॉक्टरला, लेकीला न उठणारा माणूस त्या एका शब्दाला उठला. येऊन वाकले, वास घेतला, आणि खुर्ची ओढून बसले. काळ्या पाण्यात खिडकीचा उजेड हलत होता. दोघंही त्यात बघत राहिलो, किती वेळ ते माहीत नाही. मला पुन्हा सगळं तरंगल्यासारखं वाटायला लागलं.

"पाणी निघायला चर काढायला पायजे हुता," ते म्हणाले.

"कुंडीत कुठला चर काढताय? जेसीबी आणू का?"

तेव्हा ते हसले. किती तरी दिवसांनी. "मूळ गेलंय ह्याचं. शेंडं तेवढं जित्तं हायती. ब्लेड आण, जा. आन् वाळू बघ कुणाकडं."

खाली बांधकाम चालू होतं, तिथून ओंजळभर वाळू आणली. शेंडा कापायला तो एका हातानं धरावा लागतो. मी पुढं झाले तर म्हणाले, "सर, तुला जमायचं न्हाय." आणि त्यांनी डावा हात उचलून शेंड्याला लावला. बोटं वळत नव्हती, तरी त्यांनी फांदी तळहातात दाबून धरली. कापल्यावर पांढरा चीक गळला, तो मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. मी वाळूत माती कालवायला लागले. हाताचं नाव काढलं असतं तर त्यांनी तिथंच हात खाली सोडला असता.

तीन शेंडे वाळूमातीत लावून झाले, तसे म्हणाले, "भूक लागलीय."

"गार झालंय."

"आसू दे."

गोळ्या मी न विचारता हातावर ठेवल्या.

त्यानंतर पाणी नळाच्या वेळेवर घातलं नाही. दोन पेरं बोट मातीत घालायचं, कोरडं लागलं तरच पाणी. पाणी भोकातून खाली येईपर्यंत घालायचं आणि ताटलीतलं लगेच ओतून टाकायचं. बोट घालायचं काम मालकांचं, आणि ते डाव्या हाताचं. व्यायामाच्या बाईनं विचारलं, "बोटं कशी काय वळायला लागली?" हे म्हणाले, "पाणी बघतो."

जुनं झाड मेलं. शेंड्यांतले दोन काळे पडले, एक लागला. मालक जगले.