करवंटीचं वाण

दर शनिवारी मारुतीच्या देवळामागं अनुसया नर्सबाई करवंट्या वेचताना दिसायची. वडनेरजवळच्या त्या गावात ती सत्त्याहत्तर साली बदलून आली. तेव्हापासून लोकांनी तिला विहिरीत पांढरी भुकटी ओतताना पाहिलं, पळत्या पोरांना धरून सुई टोचताना पाहिलं. पण करवंट्या कशाला, ते कुणाला उमगेना.

"सरकार जळतन देत नाई वाटते," देवळापुढचे म्हातारे म्हणायचे.

खरं ठाऊक होतं एकट्या भैयाजी बुरडाला. करवंटीला बांबूची लांब दांडी बसवून पळ्या करायचं काम बाईनं त्याच्या गळ्यात घातलं होतं.

गेल्या उन्हाळ्यात गावात हगवण आली होती. रुख्माबाईचा नातू एका दिवसात वाळल्या भेंडीसारखा झाला. बैलगाडी जुंपून त्याला हिंगणघाटला नेलं, आणि वाटभर अनुसयाबाई त्याच्या तोंडात मीठ-साखरेचं पाणी चमच्यानं सोडत होती. पोरगं वाचलं. पण असं लेकरू घालून गाडी पुन्हा जुंपू द्यायची नाही, हे तिनं त्याच वाटेवर ठरवलं. विहीर तर तिनं औषध टाकून साफ ठेवली होती. पाणी बिघडत होतं घरात. शेण काढलेला हात, पोराचं ढुंगण धुतलेला हात, लोट्यासकट मनगटापर्यंत माठात जायचा.

सांगून पाहिलं. रुख्माबाई म्हणाली, "माह्या सासूनं जलमभर असंच पानी काढलं. नव्वद वर्षं जगली थे."

"आन तिचे लेकरं किती जगले, माय?"

"ते काऊन काढतं आता," म्हणून रुख्माबाई उठून गेली.

तेव्हा अनुसयाबाईला संक्रांत सुचली. सांगितलेलं माणूस विसरतं, पण वाणात आलेली वस्तू बाई घरी नेतेच. अडचण एवढीच की ती विधवा होती, तिच्या घरी कोण हळदी-कुंकवाला येणार? गावात मोठं हळदी-कुंकू रुख्माबाईचं. पण मागच्या वर्षी मोतीलाल दुकानदाराच्या सुलोचनाबाईनं साबण ठेवायच्या प्लास्टिकच्या डब्या लुटल्या होत्या, आणि होळीपर्यंत बाया त्यांचंच बोलत होत्या.

अनुसयाबाईनं एक पळी नेऊन रुख्माबाईच्या ओसरीवर ठेवली. "सुलोचनाबाईले विचारून पाह्यतो म्हनलं. तिले नवीन काई पायजेच असते."

"करवंटी कायची आहे?"

"मारुतीच्या नारळाची. शनिवारची."

"मंग दुकानदाराच्या घरी काऊन नेऊन राह्यली? ठेव इथं. आन बाकीच्याई आन."

संक्रांतीला तिळगुळासोबत पळी घराघरात पोचली. अनुसयाबाई खूश. फाल्गुनात ती पाहायला फिरली, तर प्रत्येक घरी पळी देवाजवळच्या खुंटीवर, हळदी-कुंकू लावून. मारुतीचा प्रसाद तो, पाण्यात कोण बुडवणार? आणि हात होते तिथंच, माठात. अनुसयाबाई भैयाजीच्या दारात बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मारुतीचं नाव तिनंच तर घेतलं होतं.

चैत्र तापला. हगवणीचे दिवस जवळ आले. भर दुपारी ती रुख्माबाईच्या ओसरीवर टेकली. पाण्याचा लोटा आला. तिनं हात लावला नाही.

"उपास आहे का?"

"नाई. तहान लागली."

"मंग पे."

"पळीनं काढून दे, पेतो."

"देवाची आहे थे."

"मारुती बी उन्हातच उभा आहे. थ्याले तहान समजते."

"अवो, हात धुतले म्या."

"कायच्या पान्यानं?"

रुख्माबाईनं माठाकडं पाहिलं.

अनुसयाबाई पदर सारखा करून उठली. चैत्रात दारचं माणूस तहानलेलं जाणं म्हणजे घराची इज्जतच गेली, आणि समोरच्या दारात सुलोचनाबाई उभी राहून पाहत होती.

"बस खाली," रुख्माबाई म्हणाली. तिनं पळी उतरवली, घासून धुतली, मारुतीला दोन शब्द पुटपुटली आणि पाणी काढून दिलं. अनुसयाबाई गटागटा प्याली, आणि आणखी मागितलं.

मग ती घरोघर तशीच. दारात तहानलेली बसायची, पळीशिवाय थेंब घ्यायची नाही. सुलोचनाबाई तर तिला लांबून पाहूनच पळी धुवायला लागायची. आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, पाहुणे आले, तर जावईसुद्धा ओसरीवरून ओरडायचे, "पळीनं देजा." देवाजवळच्या खुंट्या रिकाम्या झाल्या, पळ्या माठावर आल्या.

जेठात एक-दोघांचं पोट बिघडलं, मीठ-साखरेच्या पाण्यावर घरीच उतरलं. रुख्माबाईची गाडी जुंपली, ती वावरात खत टाकायला. नातू वर बसून बैलांना शिव्या देत होता.

पौषात रुख्माबाई नर्सबाईच्या खोलीवर आली. हातात मोडकी पळी.

"नातवानं कुत्र्याले मारली. भैयाजीले म्हना, दांडी जाड घाल." मग इकडं तिकडं पाहून म्हणाली, "औंदा वाण काय लुटाचं?"

अनुसयाबाईनं फळीवरची साबणाची वडी तिच्या हातात दिली.

रुख्माबाईनं ती हुंगली. चेहरा उजळला. "बराबर. सुलोचनाच्या डब्या तवापासून रिकाम्याच पडल्या हायेत घरोघरी. आता थ्या आपून भरू."