केसपेपर न काढलेली पाठदुखी

"बेन, आ थाकनो दुखावो नथी. मणकानो टीबी छे," असं म्हणून हाडांच्या डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म खिडकीकडे धरली. दोन मणक्यांमधली चकती जवळजवळ नाहीशी झाली होती. याला पॉट्स स्पाइन म्हणतात. क्षयाचे जंतू मणक्यात घर करतात आणि हाड आतून खातात. मी हे घोकून पाठ केलं होतं, परीक्षेला हमखास येणारा प्रश्न होता तो.

मी एएनएम, म्हणजे सहायक परिचारिका. नंदेसरीकडच्या गावांत लसी टोचत, बाळंतपणं करत बरीच वर्षं काढली. बडोद्यात तेव्हा नवनवी खाजगी हॉस्पिटलं उघडत होती आणि सगळ्यांना जीएनएमचा मोठा नर्सिंग कोर्स झालेली, नोंदणी असलेली स्टाफ नर्स हवी असायची. नोकरीत असतानाच हा कोर्स करायला आरोग्य खात्याने मला पाठवलं, तेव्हा तरसालीच्या घरी सासूबाईंनी श्रीखंड केलं होतं. वर्गातल्या मुली माझ्या भाचीच्या वयाच्या. मी शेवटच्या वर्षाला पोचले होते.

पाठ कितीतरी महिने दुखत होती. नर्सची पाठ दुखणारच, त्यात कुणाला नवल नाही. आणि आमच्यात एक रीत आहे: नर्स कधी केसपेपर काढत नाही. ओपीडीच्या रांगेत उभं राहणं कमीपणाचं. राउंड संपवून निघालेल्या डॉक्टरांना दारातच गाठायचं, "सर, कमर बहु दुखे छे" म्हणायचं, की ते चालता चालता गोळी सांगणार. नाहीतर मैत्रीण ड्रेसिंग रूममध्ये इंजेक्शन देणार. संध्याकाळी कणकण यायची, वजन उतरत होतं, पण हे सगळं दारात उभ्या उभ्या कोण सांगतं? कुणी माझा ताप मोजला नाही, रक्त तपासलं नाही, कारण कागदावर मी पेशंटच नव्हते. शेवटी बेडपॅन उचलताना डावा पाय लुळा पडला, तेव्हा मला तिथल्याच एका खाटेवर आडवं केलं.

बायांनो, या कामात असाल तर ऐका. रांगेत उभ्या राहा, केसपेपर काढा. लाज गेली चुलीत.

मग गोळ्या, कमरेला ब्रेस आणि सक्तीची विश्रांती. रिफाम्पिसिनने लघवी नारिंगी होते, घाबरू नका, असं मी गावात कितीजणांना समजावलं होतं. स्वतःची पाहिली आणि रडले. कूस बदलायलाही माणूस लागायचं. नवरा फॅक्टरीतून दमून यायचा आणि मला पुसून काढायचा. त्याने कधी तोंड वाकडं केलं नाही. मी कोर्सच्या हजेरीचा विषय काढला की मात्र म्हणायचा, "तू आधी उठून बस तरी. भणायचं पछी बघू."

ते 'पछी', ते 'नंतर', काही आलं नाही. आमच्या ट्यूटर मॅडम निजामपुऱ्याहून भेटायला आल्या आणि स्पष्टच म्हणाल्या, "हजेरी भरत नाही, वर्ष पुन्हा करावं लागेल. खातं दुसऱ्यांदा पाठवणार नाही. नोकरी सोडलीस तरच कोर्स पुरा होईल."

मी सोडायला तयार होते. राजीनाम्याची वाक्यं मनात जुळवूनही झाली होती. औषधं संपल्यावर शेवटच्या तपासणीला बाकावर ताटकळत बसले होते, तेव्हाही तीच जुळवत होते.

"चालशो, वळशो, बधुं करशो," डॉक्टर म्हणाले. "पण दर्दीने उंचकवानो नहीं. क्यारेय नहीं." पेशंटला उचलायचं नाही, कधीच नाही.

"आणि वॉर्डातली ड्यूटी, सर?" मी मराठीतच विचारून बसले.

"ना बेन."

माझ्याबरोबरच्या मुली पास झाल्या. पेढे घेऊन घरी आल्या. मी तोंडभरून कौतुक केलं, आणि त्या जिना उतरल्यावर पेढ्यांचा पुडा मोरीत भिरकावला.

वॉर्डातली ड्यूटी नाही, तर स्टाफ नर्सही नाही; राजीनामा दिलाच नाही, मी पुन्हा एएनएम म्हणूनच हजर झाले. पाय किंचित ओढतो, पण मी चालते. दोन्ही पाय लुळे होऊन पडले नाही, हे त्या डॉक्टरांचे आणि नवऱ्याचे उपकार, ते मी विसरणार नाही. जीव वाचला ना, मग आणखी काय हवं, असं लोक म्हणतात. मला स्टाफ नर्स व्हायचं होतं. ते राहिलं याचं मला दुःख आहे, आणि ते दुःख करायला मला कुणाची परवानगी नको.