केरूचं सुतक

कोंडवाडीत अजूनही कुणी खोटी सबब सांगून काम टाळायला लागला, की समोरचा गालातल्या गालात हसून विचारतो, "काय रं, केरूचं सुतक आलं काय?" मग सगळे हसतात, आणि केरू तिथं असलाच तर सगळ्यांत मोठ्यानं तोच हसतो. हल्ली तो चिरेखाणीत जांभा तोडतो. अंगाखांद्यावर तांबडी धूळ घेऊन संध्याकाळी घरी येतो आणि जे असेल ते मिटक्या मारत खातो. पण चौतीस सालच्या शिमग्याला याच माणसानं आपला एक जिवंत भाऊ मारला होता, तोही भर दुपारी, अंगणात उभं राहून.

संगमेश्वराची नदी मागं टाकून डोंगर चढायला लागलं की कोंडवाडी येते. केरू तिथला. मिसरूड फुटायच्या आत मुंबईला गेला आणि गिरणीच्या साचेखात्यात कापड विणायच्या साच्यावर उभा राहिला. कामाला वाघ आणि हाताला सढळ. दर शिमग्याला तो गावी येई तेव्हा त्याची पत्र्याची पेटी उचलायला दोन माणसं लागत. खजूर, चहाची पूड, बायकांना चोळीचं कापड, म्हाताऱ्यांना तपकीर. कुणी रिकाम्या हातानं परत जायचं नाही. लोक म्हणत, "मुंबैकर आला." ते ऐकलं की केरूची छाती वीतभर वर येई. हा शब्द ऐकायला मिळावा म्हणून तो तिकडं वर्षभर कोंदट खोलीत ओळीनं झोपणाऱ्या माणसांत झोपत होता, असं म्हटलं तरी चालेल.

शिमग्याला वाघजाईची पालखी घरोघर फिरते. आई आपल्या पायांनी दारात येते, असंच लोक मानतात. पालखी अंगणात टेकते, घरची बाई ओटी भरते, आणि गंगाराम गुरव त्या घराच्या वतीनं गाऱ्हाणं घालतो. घरात कोण आजारी, कुणाचं लग्न अडलंय, गाय कुणाची आटली, सगळं देवीला मोठ्यानं सांगायचं आणि भोवतालच्या माणसांनी "व्हय म्हाराजा" म्हणून साथ द्यायची. तेहतीस सालच्या शिमग्याला केरूच्या अंगणात असं गाऱ्हाणं चाललं असताना याला भरून आलं. हा मध्येच म्हणाला, "आबा, घाला त्यात. फुडल्या शिमग्याला पालखीसंगं येनारी सगळी मानसं माझ्या मांडवात जेवतील!" गंगाराम गुरवानं ते घातलं. सगळे "व्हय म्हाराजा" म्हणाले. झालं, शब्द देवीच्या कानावर गेला.

आणि त्याच दिवाळीनंतर गिरणीच्या फाटकाला कुलूप लागलं.

केरू दुसऱ्या गिरण्यांच्या फाटकांवर उभा राहिला. तिथं त्याच्याआधी येऊन उभे राहिलेलेच पुष्कळ होते. महिने गेले. शेवटी खोलीवरचा आपला पितळी तांब्या, पातेली आणि वळकटी पेटीशी बांधून तो भाऊच्या धक्क्यावर आला. गोदीत कोळसा वाहणारा त्याचा चुलत भाऊ दादू त्याला पोचवायला आला होता. दादू एकटा जीव, बायको नाही, पोर नाही, कित्येक वर्षांत गावाकडं फिरकलेला नाही. त्यानं केरूच्या खिशात भाजलेल्या शेंगा कोंबल्या आणि म्हणाला, "जा, चिमाकाकीला माझा नमस्कार सांग." आगबोटीनं जयगड आणि तिथून होडीनं खाडी चढून केरू घरी आला. शेंगा त्यानं वाटेतच संपवल्या. नमस्कार मात्र सांगायचा राहून गेला.

गावात सांगितलं, "रजा काढून आलू." बायकोला, हौसालाही तेच सांगितलं. रोज सकाळी परीटघडीचा सदरा घालून वाडीतून चक्कर मारायची, पान चघळायचं, मुंबईच्या गोष्टी सांगायच्या, आणि घरी येऊन माजघरात भिंतीला टेकून बसायचं. घास घशाखाली उतरेना. हौसानं भातात मीठ कमी घातलं म्हणून तो तिच्यावर असा ओरडला, की शेजारची कुत्री भुंकायला लागली. रात्री डोळ्याला डोळा लागत नसे. पहाटे जरा पेंग आली की पोरं वरच्या आळीत ढोलाची तालीम सुरू करत, आणि पहिल्याच थापेला याच्या पोटात गोळा येई. ढोल वाजतोय म्हणजे शिमगा आला, शिमगा आला म्हणजे पालखी आली, आणि पालखी आली म्हणजे मांडव, पंगत आणि आपला शब्द. कणगीत तर फक्त पेरणीपुरतं भात उरलेलं.

खरं सांगायला काय झालं होतं? पण माणूस अडकला की त्याला सरळ वाट सोडून सगळ्या वाटा दिसतात. केरूला दिसलेली वाट अशी, की ज्या घरात सुतक असतं तिथं पालखी जात नाही.

होळी पेटायच्या दोन दिवस आधी गंगाराम गुरव घरं विचारत वाडीत आला. "केरू, मांडव कदी घालतूस?" त्यानं अंगणातूनच विचारलं.

"आबा," केरूच्या तोंडून निघालं, "आमाला सुतक आलंय."

"आरं द्येवा! कुनाचं?"

कुणाचं, हे केरूनं ठरवलंच नव्हतं. मुंबईतून निघताना शेवटचं बघितलेलं तोंड तेवढं डोळ्यांपुढं आलं. "दादूचं," तो म्हणाला.

गंगारामानं हात जोडले आणि तो मागं फिरला. केरूचा जीव भांड्यात पडला. पडला तो किती वेळ? भाकरी भाजून होईपर्यंतसुद्धा नाही.

कारण सुतक एका घराचं नसतं. ते अख्ख्या भावकीचं असतं. हे शेंबडं पोरही सांगेल, पण केरूच्या डोक्यात त्या वेळी जागाच नव्हती. घटकाभरात खालच्या आळीतून मोठा आक्रोश उठला. दादूची आई तो रांगता असतानाच गेली होती आणि चिमाकाकीनं त्याला आपल्या पोरांबरोबर वाढवलं होतं. म्हातारी ऊर बडवत होती, "माज्या दाद्या रं! तुज्या तोंडात पानी घालाया बी कोन नवतं रं!" भावकीतले पुरुष डोक्यावरून पाणी घेऊन ओलेत्यानं परतत होते. त्यांच्याबरोबर केरूलाही विहिरीवर जावं लागलं. जित्या माणसाच्या नावानं त्यानं पाण्याची घागर डोक्यावर ओतली आणि थंडी वाजावी तसा तो थडथडायला लागला. लोकांना वाटलं, भावाचं दुःख.

भावकीच्या सगळ्या घरांची पालखी बंद झाली होती. त्यांत मैनाचंही घर होतं. केरूच्या चुलत पुतण्याची ही बायको. लग्नाला कैक वर्षं होऊन गेल्यावर तिला पावसाळ्यात मुलगा झाला होता. पालखी दारात आली की ओटी भरीन आणि लेकराला आईच्या पुढ्यात ठेवीन, असा तिचा नवस. त्यासाठी तिनं तांबड्या कापडाची कुंची शिवली होती. त्या कुंचीचं कापड गेल्या साली केरूनंच आणून दिलं होतं. केरू तिच्या दारावरून गेला तेव्हा ती कुंची घडी घालून फडताळात ठेवत होती. मैना रडली नाही, कुरकुरली नाही. उलट यालाच म्हणाली, "मामंजी, तुमी लय मनाला लावून घेऊ नका. फुडल्या सालाला फेडीन."

तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं केरूला वाटलं.

घरी आला तर हौसा अंगणात कुळीथ पाखडत होती. सुपावरची नजर न काढता तिनं विचारलं, "तार कदी आली?"

"कसली तार?"

"दादूभावजी गेल्याची. पोस्टवाला तर इकडं फिरकला नाय."

हौसानं सूप खाली ठेवलं आणि त्याच्याकडं नीट बघितलं. मग केरू तिथंच उंबऱ्यावर बसला आणि सगळं ओकला. फाटकाचं कुलूप, दुसऱ्या गिरण्या, पंगतीची धास्ती, सुतक, सगळं. बोलताना त्याला रडूही आलं, आणि आपण बायकोसमोर रडतोय याची त्याला लाजही वाटली नाही.

"गिरन बंद हाय ते मना ठाव हाय," हौसा म्हणाली.

"कुनी सांगितलं?"

"तुमच्या तांब्यानं. रजेवर येनारा मानूस खोलीवरली पातेली घेऊन येतू व्हय? आल्या दिवशीच मी वळखलं. म्हटलं, मानूस आपल्या तोंडानं सांगंल. कुळीथ हायत, नाचनी हाय, मी हाय. आपुन उपाशी मरनार नवतू. पन तुमी तर जित्या मानसालाच मारलंत!" तिचा आवाज चढला. "चिमाकाकी दुपारधरनं पान्याचा घोट घेत नाय. आदी तिचा दादू तिला परत देऊन या. पंगतीचं मागनं बगू."

"लोक काय म्हनतील?"

"म्हनतील ते म्हनतील. त्यांच्या म्हनन्यानं झोप तर उडायची नाय ना? ती कवाच उडालीय."



दुसऱ्या दिवशी सहाणेवर, म्हणजे पालखी बसते त्या दगडी चौथऱ्याभोवती, सगळा गाव जमला होता. पालखी सजत होती. केरू पायऱ्या चढायला लागला तसे लोक ओरडले, "आरं ए, सुतकाचा मानूस! मागं हो!" भावकीतली माणसं लांब फणसाखाली बसली होती, तीही उठून उभी राहिली.

"सुतक नाय," केरू म्हणाला. कुणाला ऐकू गेलं नाही म्हणून परत म्हणाला, "सुतक नाय! दादू जिता हाय. मी खोटं बोललू. माजी गिरन बंद पडलीय. पंगत घालायची ऐपत नाय, आन तसं सांगायची लाज वाटली, म्हनून बोललू."

मग एकदम गलका उठला. कुणी म्हणालं, याला वाळीत टाका. कुणी म्हणालं, देवीपुढं दंड घ्या. या गलक्यातून वाट काढत चिमाकाकी आली. कालपासून रडून तिचे डोळे सुजले होते.

"जिता हाय? माजा दाद्या?"

"जिता हाय, काकी. धक्क्यावर मना पोचवाया आलता. तुला नमस्कार सांगितलान. मीच सांगाया इसरलू."

म्हातारीनं त्याच्या सणसणीत थोबाडीत दिली. मग तोच हात त्याच्या गालावर ठेवून ती ढसाढसा रडली आणि रडतारडताच हसायला लागली. तिला हसताना बघून वाळीत टाकायची भाषा करणारेही जरा थंड झाले.

गंगाराम गुरव इतका वेळ पालखीला टेकून उभा होता. त्यानं गर्दीवरून नजर फिरवली. परीटघडीच्या सदऱ्यात अजून दोघं उभे होते, रामा आणि रघू. दोघंही मुंबईचे, दोघंही रजा काढून आलेले, आणि दोघंही सध्या आपल्या पायाच्या अंगठ्याकडं बघत होते.

"रामा, रघू," गंगाराम म्हणाला, "आजून कुनाची गिरन बंद हाय काय? आज आईम्होरं खरं बोलाचा दिस दिसतुय."

रामानं हळूच मान डोलावली. रघू म्हणाला, "माजी तर केरूच्या बी आदी बंद झाली."

तिघं एकमेकांकडं बघत राहिले. महिनाभर तिघं एकाच वाडीत फिरत होते आणि एकमेकांना टाळून दुसऱ्या पाणंदीनं जात होते, न जाणो याला माझं कळायचं म्हणून! केरूला आधी राग आला, मग हसू आलं. छातीवरचा मोठा चिरा कुणीतरी दुसऱ्या टोकानं उचलून धरावा तसं त्याला वाटलं.

"दंड घ्या त्याच्याकडनं," चिमाकाकीच डोळे पुसत म्हणाली. "नारळ घ्या. आन पंगत व्हनार. शबूद आईला दिलाय तो मोडायचा नाय. पन आईला दिल्याव ती पंगत त्याच्या एकल्याची कशी? घराघरातनं वंजळभर तांदूळ आना. कुळथाची पिठी करू. त्याच्या अंगनात शिजवू आन त्याच्या अंगनात जेवू."

गंगारामानं गाऱ्हाणं घातलं. दरसालचे ठरलेले शब्द झाल्यावर त्यानं तिघांची नावं घेतली. "बा आये, ह्या लेकरांचा हातचा धंदा गेलाय. ती लाजंनं आतल्या आत कुडत होती. त्यांच्या पोटापान्याची वाट काड, आन वाट गावंपत्तूर त्यांस्नी झोप दे!"

"व्हय म्हाराजा!" गाव म्हणाला. केरूला स्वतःचा आवाज त्यात ऐकू आला.

पालखी भावकीत आली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. आधी मैनाच्या दारात. तिनं ओटी भरली आणि तांबडी कुंची घातलेलं पोर आईच्या पुढ्यात ठेवलं. पोरानं पालखीचा गोंडाच धरला तो सोडेना. मग पालखी केरूच्या अंगणात टेकली. मांडव कसला, बांबूवर आंब्याच्या डहाळ्या टाकलेल्या. हौसानं चुलाण पेटवलं. ओंजळी-ओंजळीनं आलेले तांदूळ एकत्र झाले, त्यात लाल होते, पांढरे होते, जाडे होते, कुणाचे जरा जुनेही होते. रामा पाणी वाढत होता. रघू केरूजवळ बसून सांगत होता, की खालच्या अंगाला चिरेखाण उघडतेय, तिघं मिळून गेलो तर कामाला घेतील. "हात सोलपटतील," रघू म्हणाला. "सोलपटूदे," केरू म्हणाला, आणि पत्रावळीवरची पिठी त्यानं बोटानं चाटूनपुसून घेतली. कधी नाही ती त्याला आणखी मागावीशी वाटली.

जेवणं झाली आणि पालखी नाचवायला उचलली. ढोलकऱ्यानं कंबर बांधली आणि अंगणाच्या मधोमध उभं राहून पहिली थाप हाणली. हौसानं चटकन नवऱ्याकडं बघितलं. याच थापेला तो महिनाभर पोट धरून बसत होता.

केरू पडवीत खांबाशी आडवा झाला होता. तोंड उघडं, एक हात उशाला, आणि चक्क घोरत होता. ढोल त्याच्यापासून चार हातांवर घुमत होता.

ढोलकऱ्याचा हात थबकला. "वैनी, मुंबैकर झोपलाय. थांबवू काय?"

"नको रं बाबा," हौसा म्हणाली. "वाजव. थांबलास तर जागा व्हईल."