रिपोर्टचा निकाल: सकारात्मक

माझ्या आईला कॅन्सर होता, हे घरात तिच्याशिवाय सगळ्यांना माहीत होतं.

आज तिला जाऊन वर्ष झालं, म्हणून कबूल करतोय.

कोपरखैरण्याच्या आमच्या चाळीत कुणाचं पत्र आलं, फॉर्म आला की आई वाचून द्यायची. मराठी सातवी पास, चष्मा नाकावर. कुठला दाखला कुठल्या खिडकीवर मिळतो, हे बायका तिलाच विचारायच्या.

आणि तिचा स्वतःचा रिपोर्ट इंग्रजीत.

ताई कॅनडात नर्स आहे. फोनवर भांडली. "आमच्याकडे डॉक्टर आधी पेशंटला सांगतात. पेशंट हो म्हणाला तरच घरच्यांना."

मी म्हटलं, "तुमचं तिकडचं तिकडे. इकडे माणूस नुसतं ऐकूनच खचतो."

इथल्या डॉक्टरांनीही केबिनमध्ये मलाच बोलावलं होतं. आई बाहेर बाकड्यावर.

पण गप्प बसेल तर ती आई कसली! मी कामावर गेल्यावर तिनं कपाटातून रिपोर्ट काढला आणि मोबाईलचा कॅमेरा धरून त्याचं मराठी करून घेतलं. हे ट्रान्सलेशन मीच शिकवलेलं.

'पॉझिटिव्ह' दिसलं असतं तर तिनं ओळखलं असतं, कोरोनात सगळेच शिकलो. पण मोबाईलनं शुद्ध मराठी केलं; बाकीच्या अवघड शब्दांतून तिला तेवढाच एक कळला.

"निकाल सकारात्मक हाय. म्हंजी चांगलंच की रं?"

किती खुशीत विचारलं तिनं.

"हो आई. चांगलंच."

कराडच्या मावशीशी तिचं सहा वर्षं बोलणं नव्हतं. कारण फालतू, लग्नातला मानपान. ताई मागे लागली, निदान त्या दोघींना भेटव. मी आईला म्हटलं, "रविवारी जाऊया मावशीकडे?"

"आत्ता नगं. अशा अवतारात गेले तर म्हनंल, दुखनं आलं तवा भन आठवली. रिपोर्ट चांगला हाय न्हवं? धडधाकट झाले की जाते."

तेव्हा सांगता आलं असतं. मी विषय बदलला.

दोन महिन्यांत आई गेली.

मावशी आली ती दहाव्याला. भांडली नाही, रडलीही नाही.

"तिला म्हाईत हुतं?"

"नाही."

"आन तुला?"

मी मान डोलावली.

"मग मला तरी फोन करायचास. मी आले असते की रं."

हे मला सुचलंच नव्हतं.

आई, ते दोन महिने तुझे होते. मी परस्पर ठरवलं आणि वाया घालवले. 'भावपूर्ण' वगैरे लिहायला तोंड नाही मला.

चुकलो गं.