रंभाबाईंच्या काठ्या

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत, रसायनांच्या कारखान्यांमागच्या गल्लीत, कैलासचं छोटं वर्कशॉप आहे. तिथे प्लॅस्टिकचे सुटे भाग कापून, घासून, चकचकीत करून देतात. त्या घासण्याच्या कामावर रंभाबाई आहेत. मूळच्या सांगोल्याकडच्या. नवरा आनंदा इथे कापडाच्या कारखान्यात लागला, म्हणून त्या आल्या. जवळच्या सरावलीत भाड्याची खोली, मग स्वतःची झाली. रूपाली झाली. रूपाली दहावीला असताना आनंदा कावीळ होऊन गेला. शेवटी तो शुद्धीवर नव्हता, आणि आत त्याचं काय चाललं होतं ते कुणालाच कळलं नाही.

तेव्हापासून रंभाबाईंनी आपला हात मागे घेतला. कुणी बजावलं नव्हतं. चाळीतल्या हळदीकुंकवाला त्या चहा करून द्यायच्या आणि कप धुवायला बसायच्या. रूपालीच्या लग्नात पहिली हळद शेजारणीने लावली. लेकीने डोळ्यांनी बोलावलं, तर यांनी हात पदराखाली घेतला. हाताने राबायचं, शुभकार्यात तो पुढे करायचा नाही. त्यांनी हे असं ठरवून टाकलं होतं, आणि ठरवलेलं दुखत नाही असं नाही.

कामावर मात्र त्या हाताला मान होता. कापडावर पांढरी पेस्ट घेऊन त्या प्लॅस्टिक असं घासत की पलीकडचं अक्षर जवळ आल्यासारखं दिसे. म्हणून दिग्विजय आला तेव्हा कैलासने त्याचं काम रंभाबाईंकडेच दिलं.

दिग्विजय मुंबईच्या एका संशोधन संस्थेत होता. तरुण, दाढी वाढलेला, कायम उपाशी दिसणारा. त्याने पारदर्शक प्लॅस्टिकच्या हातभर लांब, चौकोनी काठ्या आणल्या.

"ह्या उघड्या हाताने धरायच्या नाहीत, मावशी. हातमोजे घालूनच."

"आन् लावणार कुठं? दुकानाच्या पाटीत?"

"उपग्रहात."

शेजारच्या टेबलावर काशीबाई होत्या. पालघरजवळच्या माहीमच्या, लग्न होऊन सरावलीत आलेल्या. दोघी रोज एकाच रिक्षाने येत. त्या म्हणाल्या, "बघ बाय, मी पालघरच्या पुढं गेली नाय, आन् तुझ्या काठ्या वर चालल्या."

जेवणाच्या सुट्टीत रंभाबाईंनी खोदून विचारलं आणि दिग्विजयने सांगितलं. फार लांब एखादा मोठा तारा स्वतःतच कोसळतो. मरताना काही क्षण त्याच्यातून गॅमा किरणांचा झोत सुटतो. तो झोत कोट्यवधी वर्षं चालत इथे येतो आणि काही सेकंदांत निघून जातो. ह्या प्लॅस्टिकला गॅमा किरण लागला की आत निळी ठिणगी उडते. किरण एका काठीवरून उडून दुसऱ्या काठीला लागतो. असे किरण कुठल्या बाजूला जास्त उडाले हे पाहिलं की त्या प्रकाशाची थरथर एका दिशेने होती की सगळीकडे विखुरलेली, ते समजतं. एकाच दिशेने थरथरणाऱ्या प्रकाशाला ध्रुवित प्रकाश म्हणतात.

"मग त्यानं काय हुतंय?"

"त्या झोतात चुंबकीय क्षेत्र असतं. विंचरलेल्या केसांसारखं ते एका वळणाने गेलेलं असेल, तर प्रकाश ध्रुवित येतो. गुंता असेल, तर नाही. म्हणजे ताऱ्याने शेवटी तो झोत कसा फेकला, याचा अंदाज येतो."

रंभाबाईंनी डब्याचं झाकण लावलं. "मरणाऱ्याच्या आत काय चाललं हुतं, ते कळतंय म्हना की."

"थोडंसं. तोही आपल्याकडे तोंड करून मेला, तरच."

त्यानंतर त्या काठ्या त्यांनी दुसऱ्या कुणाला घासू दिल्या नाहीत. कैलास थट्टेने म्हणायचा, रंभाबाई आता ताऱ्यांचं माणूस झाल्या.

दसऱ्याला वर्कशॉपमध्ये यंत्रांची पूजा असते. यंत्रं पुसायची, झेंडूचे हार घालायचे, लेथला, ड्रिलला, पट्ट्यांना, कानशींना हळदकुंकू. हे काशीबाई करत आणि रंभाबाई बाहेर नळावर ताटं विसळत. त्या वर्षी काठ्या तयार होऊन खोक्यात भरलेल्या होत्या, दुसऱ्या दिवशी जायच्या होत्या. काशीबाई दारात आल्या.

"ये आत. तुझ्या काठ्यांना तू लाव."

"मी न्हाई. तू लाव की."

"मी घासल्यात? आता कोण बघतंय ते जुनं? आन् एवढ्या वर जायच्या, तश्याच कोऱ्या पाठवशील?"

रंभाबाई आत गेल्या. खोकं उघडलं. सवयीने हातमोजे चढवले, आणि मग काढले. कुंकू कापडाच्या बोटाने लावत नाहीत. सणाचं न्हाणं झालेलं होतं, केसांना तेल होतं, ते बोटांनाही होतं. प्रत्येक काठीला त्यांनी एकेक बोट टेकवलं, आधी हळद, मग कुंकू. इतक्या वर्षांनी. नंतर मऊ कापडाने सगळं अलगद पुसून काढलं, कारण काम स्वच्छ जायला हवं. त्या दिवशी रिक्षात त्या काशीबाईंशी सारखं बोलत होत्या.

दिवाळी उलटल्यावर दिग्विजय त्या काठ्या घेऊन परत आला. त्याने एक काठी खिडकीपाशी उजेडात धरली. मध्यावर, बोटभर जागेत, कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा पडल्या होत्या. दुसरीला तशाच. सगळ्यांना तशाच. जाळीत पिवळसर झाक होती.

"कुणी हात लावला होता?" त्याने विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

"मी," रंभाबाई म्हणाल्या. "पूजा केली."

तो स्टुलावर बसला. दुसऱ्या काठ्या बाहेरच्या देशातून यायला उन्हाळा उजाडणार होता, आणि रॉकेट तोवर थांबणार नव्हतं. हे त्याने कैलासला सांगितलं, रंभाबाईंना एवढंच म्हणाला, "बोटाचं तेल ह्या प्लॅस्टिकला सोसत नाही, मावशी. कुणाचंही बोट असतं तरी चिरलं असतं. चूक माझी. नुसतं हातमोजे घाला म्हटलं, का ते सांगितलं नाही."

संध्याकाळी काशीबाईंनी त्यांना जवळ घेतलं. "तुझं नाय चुकलं गो. माझं चुकलं. मीच तुला लावाय सांगितलं."

हे त्या मायेने बोलल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. रिक्षात रंभाबाईंनी दोन्ही हात पदराखाली घेतले.

पुढच्या खेपेला दिग्विजयने त्यांचा चेहरा पाहिला आणि त्या आपल्याच हाताला दोष देतात हे कैलासकडून काढून घेतलं. तेव्हा त्याने एक खटाटोप केला. एका काठीच्या न चिरलेल्या टोकाचे दोन तुकडे कापले. एकावर काशीबाईंचं बोट टेकवून घेतलं, दुसऱ्यावर रंभाबाईंचं. दोन्हींच्या खालच्या बाजूला नाव लिहिलं आणि ते खिडकीत ठेवले. "दोन्ही चिरतील. मग बघा," तो म्हणाला. रंभाबाई रोज सकाळी पदर सावरत त्या खिडकीवरून जात. वाकून पाहत नसत. पण तिथे आल्या की पाऊल हळू पडे.

उन्हाळ्यात तो निरोप घ्यायला आला. रॉकेट गेलं होतं. त्या काठ्या ज्यात बसणार होत्या त्या त्याच्या पेटीची जागा दुसऱ्या कुणाला मिळाली होती, आणि संस्थेतली त्याची मुदतही संपत होती. गेल्या आठवड्यात एक फार तेजस्वी स्फोट झाला, त्याने सांगितलं. जगभरच्या दुर्बिणींनी चमक पाहिली, पण ध्रुवण मोजणारी पेटी त्या वेळी वर नव्हती.

"म्हंजे त्याचं कळलं न्हाई?" रंभाबाईंनी विचारलं. "सरळ हुतं का गुंता?"

"नाही. तो उजेड गेला पुढे."

मग त्याने दोन्ही तुकडे आणून टेबलावर ठेवले. दोन्हींवर जाळं होतं. एवढं सारखं की ओळखू येऊ नये. रंभाबाई प्रथमच खाली वाकल्या आणि बघत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल होऊ लागलं होतं.

काशीबाईंनी चष्मा लावला आणि एका तुकड्यावर नख ठेवलं. "ही तुझी. बघ, किती दाट हाय."

दिग्विजयने तो उलटा केला. खाली काशीबाईंचं नाव होतं.

मग काशीबाई हसल्या, आणि रंभाबाईंच्या पाठीवर हात फिरवत दिग्विजयला म्हणाल्या, "मग काय तर. दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या ना तू? लागलं असंल हिचं माझ्याला."

दिग्विजय काही बोलणार होता. पण रंभाबाईंनीच मान डोलावली. "असंल," त्या म्हणाल्या, आणि कपाटातून पुढच्या कामाचं कापड काढलं.

पुढच्या दसऱ्याला त्यांनी सुट्टी घेतली. कैलासने कारण विचारलं नाही. काशीबाई संध्याकाळी सरावलीत त्यांच्या दारी प्रसाद घेऊन गेल्या, तेव्हा रंभाबाईंनी हात पुढे न करता तो ताटलीत ठेवायला सांगितला आणि म्हणाल्या, "चहा टाकते. बस."