मागच्या रांगांचा गारवा

आमच्या थिएटरचा जुना एसी म्हणजे घरजावई होता. खायला भरपूर, कामाच्या नावाने शिमगा. पुढच्या रांगांतली माणसं कुडकुडायची, मागच्या रांगांतली रुमालाने वारा घ्यायची, आणि बाल्कनीत चिटपाखरू नसलं तरी तिथे गार हवा जातच राहायची. तिथल्या मेंटेनन्सची मी प्रमुख. प्रमुख म्हणजे काय, माझ्या हाताखाली मीच. मालकांच्या मागे लागून लागून मी हॉलचे चार भाग करून घेतले: पुढचा, मधला, मागचा आणि बाल्कनी. प्रत्येक भागाला हवा नेणाऱ्या नळाला वेगळी झडप बसवली आणि प्रत्येक भागात भिंतीवर, हाताला येईल अशा उंचीवर, एक पांढरी डबी. उकाडा असला की डबीवर लाल दिवा लागायचा आणि झडप उघडायची. गारवा झाला की दिवा हिरवा, झडप बंद. जिथे माणूस बसलंय तिथेच गार आणि ताजी हवा, रिकाम्या खुर्च्यांचे लाड बंद. हवा किती कोंदट झाली ते मोजणाऱ्या डब्या अजून यायच्या होत्या.

मालकांना हे पटलं नव्हतं. "मॅडम, सोलापूरच्या मे महिन्यात असली नाटकं टिकत नाहीत," ते म्हणाले. "भरल्या हॉलमध्ये दुपारचा एक खेळ करून दाखवा. नाही जमलं तर जुनं मशीन सुरू."

हे मी घरी सांगितलं आणि आईने टुमणं लावलं, मीपण येणार. तिचा सगळा जन्म टॉवेलच्या कारखान्यात गेला. मागावर उडणारा कापसाचा भुगा छातीत जाऊन बसला तो कायमचा. कोंदट जागी तिला श्वास पुरत नाही, उन्हाळ्यात तर मुळीच नाही. पिशवीत श्वासाचा पंप असल्याशिवाय ती गल्लीच्या कोपऱ्यावरही जात नाही. डॉक्टरांनी बजावल्यापासून तिने थिएटरची पायरी चढली नव्हती.

"आठवडाभराने ये," मी म्हणाले. "आधी नीट चालतंय का बघू दे."

"समद्यांस्नी म्हणतीस हॉल गार हाय, आन मला म्हणतीस येऊ नगं. मग खोटं कुनाला सांगतीस, त्यास्नी का मला?"

शेवटी मी हो म्हटलं. मधल्या भागात, बरोबर हवेच्या तोंडाखाली तिची खुर्ची ठरवली. दुपारी ती आली ती डोक्यावर ओला टॉवेल घेऊन. माठातल्या पाण्यात टॉवेल पिळायचा, डोक्यावर टाकायचा आणि मग उन्हात पाऊल ठेवायचं, ही तिची जुनी सवय. तिला खुर्ची दाखवली आणि मी मशीनच्या खोलीत गेले.

खेळ सुरू झाला. हॉल भरलेला. मी कॉम्प्युटरच्या पडद्याला डोळे लावून बसले होते आणि मालक हाताची घडी घालून माझ्या पाठीशी उभे. पुढची झडप उघडी, मधली उघडी, बाल्कनीची निम्मी. आणि मागचा भाग, ज्याची मला सगळ्यात जास्त धास्ती होती, तो सगळ्यांच्या आधी हिरवा झाला. आकडा बावीस. झडप मिटली.

"बघा," मी मालकांना म्हणाले. मला इतकं बरं वाटलं की मी चहा मागवला.

चहाऐवजी दारावरचे काका आले. "म्याडम, मागच्या बाया भाईर येऊन पायऱ्यांवर बसाय लागल्यात. आत जीव गुदमरतोय म्हनत्यात."

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, तो तिथून घसरला. "काका, इथे बावीस दाखवतंय! बावीसमध्ये कुणाचा जीव गुदमरतो? त्यांना सवय नाही गारव्याची, दुसरं काही नाही."

मालक पुढे वाकून आकडा बघू लागले. काका दारातच घुटमळत होते.

"तुमची आई पन मागंच हाय न्हवं?"

"ती मधल्या रांगेत आहे."

"न्हाय ओ. गल्लीतल्या बाया दिसल्या तशी त्यांच्यात जाऊन बसलीया. पार शेवटच्या रांगंत, भिंतीला."

मी धावले.

मागचं दार ढकललं आणि उकाड्याचा लोट अंगावर आला. शंभर माणसांनी वापरून टाकलेली हवा, घामाची, तेलाची, शिळी. पडद्यावर हाणामारी चालू होती, त्या गोंगाटात काही ऐकू येईना. मी मोबाइलचा उजेड शेवटच्या रांगेवर फिरवला. भिंतीकडच्या खुर्चीत आई पुढे वाकून बसली होती, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून. खांदे वर-खाली होत होते. मी जवळ गेले तेव्हा तिच्या छातीतली शिट्टी मला ऐकू आली. तिने मला ओळखलं, पण बोलता येईना. फक्त बोट उचलून मागची भिंत दाखवली.

तिथे माझी पांढरी डबी असायला हवी होती. तिथे आईचा ओला टॉवेल होता, डबीवर नीट चौघडी करून टाकलेला.

कारखान्यात मागाची मोटर तापली की बाया तिच्यावर ओला टॉवेल टाकायच्या. आईला डबा द्यायला जायची तेव्हा मी ते अनेकदा पाहिलं होतं. मोटर निवायची, माग पुढे चालायचा. माझी डबीही टॉवेलखाली निवली होती आणि सगळीकडे गार आहे असं समजून तिने झडप मिटून घेतली होती.

मी टॉवेल ओढून फेकला. पण झडप हळूहळू उघडते, तशी मीच ती लावून घेतली होती, वीज वाचावी म्हणून. "काका, दारं उघडा!" मी ओरडले. "मालकांना सांगा, मागची झडप हाताने उघडा म्हणावं, आत्ता!" दारं उघडली तसा दुपारचा उजेड पडद्यावर पडला आणि सगळ्या हॉलने शिट्ट्या घालून आम्हाला शिव्या दिल्या. मी आईच्या पिशवीत हात घातला. पानाची चंची, किल्ल्या, रुमाल, पुन्हा किल्ल्या. पंप तळाशी होता. टोपण माझ्याकडून निघेना, ते तिनेच काढलं.

काकांनी आणि मी तिला बाहेर आणून पंख्याखाली बसवलं. एक दम आत गेला. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरा. मालक माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. जुन्या मशीनचं त्यांनी नाव काढलं नाही, आणि काढलं असतं तर त्या क्षणी मी होच म्हटलं असतं. मला फक्त तो तिसरा श्वास हवा होता. तो आला.

"मी हिला कवाधरनं म्हनत हुते, ऊठ, भाईर चल," गल्लीतली एक मावशी मला सांगू लागली. "तर म्हनती कशी, आज माज्या पोरीची परीक्षा हाय, मीच उठले तर समदी उठतील."

मला रडायला आलं आणि ते रागासारखं बाहेर पडलं. "आई, तुला अक्कल आहे का? टॉवेल कशाला टाकलास त्याच्यावर?"

"तापलं हुतं गं," ती थांबत थांबत म्हणाली. "लाल झालं हुतं. म्हटलं... तुजं यंत्र जळंल."

"लाल म्हणजे ते काम करत होतं!"

"मग आदी सांगायचं की."

मी दवाखान्यात चल म्हणाले. ती म्हणाली, श्वास आलाय, सिनेमा संपलेला न्हाय. बराच वेळ वाद झाला. शेवटी तिचं बोलणं सरळ, न अडखळता येऊ लागलं तेव्हाच मी तिला आत, तिच्या त्याच रांगेत नेलं आणि शेजारची खुर्ची धरून बसले. मागच्या भिंतीवर लाल दिवा लागला होता. तिने दोनदा वळून बघितलं.

"असू दे न्हवं तसं?"

"असू दे."

वरून हवा यायला लागली. आमच्या पुढच्या बायका पदर सावरून टेकून बसल्या. थोड्या वेळाने आईने माझ्या दंडाला कोपर लावलं. "थंडी वाजतीया गं. जरा कमी कर की."

मी कमी केलं नाही. माझी ओढणी काढून तिच्या खांद्यांवर घातली. त्या सिनेमात शेवटी काय झालं ते मला आजही सांगता येणार नाही. मी खेळ संपेपर्यंत तिचा श्वास ऐकत होते.